आनंदघनांची शेवटची माती

भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ला (1969) सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दादा कोंडके पडद्यावर पहिल्यांदा आले तेही याच चित्रपटातून. तरी आनंदघनांच्या संगीताची गोष्ट निघाली की ती ‘साधी माणसं’पाशी (1965) येऊन थांबते. त्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे जगजाहीर झालं. पुढचं सगळं त्या प्रसंगाच्या झगमगाटात झाकलं गेलं. लेड झेपेलिन या रॉक बँडचा ‘प्रेझेन्स’ (1976) हा अल्बम त्यांच्या आधीच्या अल्बमइतका खपला नाही, तरी रॉकचे चाहते तो त्या बँडच्या वाटचालीतला टप्पा म्हणून ऐकतात. आपण मात्र गाणी सुटी सुटी आठवतो. भालजींसाठी केलेले चारही चित्रपट ओळीनं ऐकले, तर ‘मोहित्यांची मंजुळा’ आणि ‘मराठा तितुका मेळवावा’मधल्या शिवकाळातून हे संगीत ‘साधी माणसं’मधल्या लोहाराच्या भात्याशी उतरतं आणि अखेर बैलगाडीवर येऊन बसतं. म्हणूनच मला ‘तांबडी माती’ ही आनंदघनांची परिपक्व कामगिरी वाटते.

याचा पुरावा म्हणजे त्यातलं बैलजोडीचं गाणं. बैलांच्या चालीवर धरलेला ठेका, हाकाऱ्यासारखी उसळणारी चाल, मागून कोरसचा जोर. आणि गळा धाकटे बंधू हृदयनाथांचा. स्वतःच्या आवाजाचा मोह बाजूला ठेवणारा संगीतकार इथं दिसतो. यावर कुणी म्हणेल, मुंबईच्या स्टुडिओत मुरलेल्या गायिकेनं रचलेली ही लोकधून उसनीच. पण वडील 1942 साली गेल्यावर मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये काम करणाऱ्या लताबाईंची कोवळी वर्षं कोल्हापुरातच गेली. 1945 साली त्या मुंबईला गेल्या. हे गाव त्यांना ऐकीव नव्हतं. दुसरा आक्षेप असा, की गाणी लताबाईंच्या नावावर चालली. पहिल्या तीन चित्रपटांपर्यंत तर ते नाव पडद्याआडच होतं. ‘तांबडी माती’च्या वेळी गुपित फुटलेलं होतं, म्हणजे मोठ्या नावाचा फायदा मिळायचाच तर याच चित्रपटाला मिळायला हवा होता, आणि नेमका तोच मागे पडला. बैलजोडीचं गाणं मात्र बेंदराला, शर्यतींना आजही वाजतं. ऐकणाऱ्या अनेकांना चित्रपट माहीत नसतो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या, तालमीच्या मातीत वाढलेल्या पेठेनं तरी आनंदघनांच्या या शेवटच्या चित्रपटाची सगळी गाणी एकत्र ऐकावीत, असं मला मनापासून वाटतं.