क्रायोजेनिक झडप

क्रायोजेनिक झडप ही अतिशीत द्रवांचा प्रवाह सुरू, बंद किंवा नियंत्रित करण्यासाठी वापरली जाणारी औद्योगिक झडप (व्हॉल्व्ह) आहे. वातावरणीय दाबाला द्रवरूप नैसर्गिक वायू (एलएनजी) सुमारे −१६२° से., द्रव ऑक्सिजन −१८३° से., द्रव नायट्रोजन −१९६° से., द्रव हायड्रोजन −२५३° से. आणि द्रव हीलियम −२६९° से. तापमानाला उकळतो. इतक्या थंडीत साधे पोलाद ठिसूळ होते, झडपेचे भाग कमी-अधिक प्रमाणात आकुंचन पावतात आणि अडकून राहिलेला द्रव तापल्यास मोठा दाब निर्माण करतो. झडपेची रचना या अडचणी लक्षात घेऊन केली जाते.

लांब मानेचे बॉनेट

झडप उघडणारा दांडा (स्टेम) जेथून बाहेर येतो, तेथे गळती रोखण्यासाठी पॅकिंग भरलेले असते. ते फार थंड झाल्यास कडक होते आणि दांड्यावर साचलेला बर्फ त्याला इजा करतो. म्हणून झडपेचा मुख्य भाग व पॅकिंग यांच्यामध्ये लांब, पातळ भिंतीची मान ठेवतात. मानेत शिरलेला द्रव बाहेरील उष्णतेने वाफ होतो. हा वायू वरच्या भागात साठून राहतो. तो उष्णतेचा मंद वाहक असल्याने पॅकिंगचे तापमान परिसराच्या तापमानाजवळ राहते. झडप आडवी बसविल्यास द्रव थेट पॅकिंगपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे दांडा उभा किंवा उभ्या रेषेपासून साधारणतः ४५ अंशांच्या आत ठेवतात. वाहिनीवर उष्णतारोधक आवरण असले तरी पॅकिंगचा भाग त्याबाहेर मोकळा ठेवला जातो.

साहित्य

कार्बन पोलाद कमी तापमानाला चिवटपणा गमावते आणि धक्का बसल्यास अचानक तडकू शकते. ३०४ व ३१६ प्रकारच्या ऑस्टेनिटिक स्टेनलेस पोलादाची स्फटिकरचना वेगळी असल्याने ते थंडीतही चिवट राहते. सामान्य तापमानापासून −१९६° से. पर्यंत थंड होताना या पोलादाची लांबी दर मीटरला सुमारे ३ मिमी घटते. बैठकीसाठी (सीट) वापरले जाणारे पीटीएफई प्लॅस्टिक मात्र याच्या कित्येक पट आकुंचन पावते. ही तफावत भरून काढण्यासाठी बैठकीमागे स्प्रिंग बसवितात किंवा पीसीटीएफईसारखे कमी आकुंचणारे प्लॅस्टिक निवडतात.

अडकलेला द्रव

बॉल झडप बंद केल्यावर गोळ्याच्या पोकळीत द्रव अडकतो. हा द्रव वाफ झाल्यास त्याचे आकारमान सामान्य तापमान व दाबाला एलएनजीच्या बाबतीत सुमारे ६०० पट, तर नायट्रोजनच्या बाबतीत सुमारे ७०० पट होते. बंद पोकळीत प्रसरणाला जागा नसल्याने दाब वाढत जाऊन झडप फुटू शकते. यावर उपाय म्हणून गोळ्याला प्रवाह येतो त्या बाजूस लहान छिद्र ठेवतात किंवा जादा दाब स्वतःहून सोडणारी बैठक वापरतात. छिद्र असलेली झडप एकाच दिशेने पूर्ण बंद होते. म्हणून तिच्यावरील बाणाची दिशा पाहूनच ती बसवावी लागते. दोन बंद झडपांमधील वाहिनीलाही याच कारणास्तव सुरक्षा झडप लागते.

स्वच्छता व चाचणी

द्रव ऑक्सिजनच्या झडपेत तेलाचा वा ग्रीसचा अंश राहिल्यास पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून तिचे सर्व भाग तेलविरहित करतात. ओलावाही काढून टाकावा लागतो, कारण त्याचा बर्फ होऊन झडप अडकते. नमुना झडप द्रव नायट्रोजनने थंड करून, हीलियम वायूच्या दाबाखाली गळती आणि उघडझाप तपासली जाते. बीएस ६३६४ व आयएसओ २८९२१ ही यासंबंधीची मानके आहेत.

उपयोग

एलएनजी जहाजे व टर्मिनल, हवेचे घटक वेगळे करणारे प्रकल्प, अग्निबाणांची इंधनयंत्रणा आणि रुग्णालयांतील ऑक्सिजन टाक्या येथे या झडपा वापरतात. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे एलएनजी टर्मिनल आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला व किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला. अशा यंत्रणेतील झडपा व जोडण्यांची नियमित तपासणी किती आवश्यक आहे, हे या दुर्घटनेतून दिसून येते.