वेठ आणि यंत्र : कृत्रिम मानव व त्याचा प्रेक्षक

'रोबॉट' या शब्दाला मराठीत 'यंत्रमानव' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे, आणि तो इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कोणाला कारण वाटत नाही. वस्तुतः या प्रतिशब्दाने मूळ शब्दातील जे महत्त्वाचे तेच गाळले आहे. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने ठराविक दिवस सक्तीने राबून द्यावयाचे काम. आपल्याकडे त्याला अगदी जवळचा शब्द आहे : वेठ. कारेल चापेक या नाटककाराने १९२० मध्ये 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले तेव्हा आपल्या कृत्रिम कामकऱ्यांना लॅटिनवरून 'लाबोरी' असे काही नाव द्यावे असे त्याच्या मनात होते. 'रोबॉट' हे नाव त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने सुचविले, ही हकीकत कारेलनेच १९३३ मध्ये सांगून ठेवली आहे. या नावात यंत्राचा मागमूस नाही. नाटकातही तो फारसा नाही. चापेकचे रोबॉट लोखंडाचे नाहीत. एका कृत्रिम जीवद्रव्यापासून त्यांची घडण होते, मोठाल्या पात्रांत त्यांची यकृते आणि मेंदू तयार होतात, आणि त्यांचे मज्जातंतू गिरणीत सूत कातावे तसे कातले जातात. मराठीने त्यांना 'वेठ्ये' म्हटले असते तर ते कानाला ओबडधोबड लागले असते खरे, परंतु अर्थाशी इमान राखले गेले असते.

हा केवळ शब्दाचा वाद असता तर कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु माणसासारख्या रोबॉटांची नाटके आणि पुढे दूरचित्रवाणीवरील मालिका पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रियांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास तपासू गेल्यास तो या दोन शब्दांमध्येच हेलकावे खात असल्याचे आढळते. प्रेक्षक ज्याला भ्याला ते यंत्र होते की वेठीला धरलेला माणूस, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

प्राग येथील राष्ट्रीय रंगमंदिरात 'आर. यू. आर.'चा पहिला प्रयोग २५ जानेवारी १९२१ रोजी झाला. (ह्रादेत्स क्रालोवे या गावच्या हौशी मंडळींनी त्याआधीच, २ जानेवारीला, नाटक करून टाकले होते. हौशी नटांचा उत्साह कोठेही सारखाच !) त्या रात्रीचा प्रेक्षक कोण होता, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकाला जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. 'रोबोता' कायद्याने नष्ट झाली ती १८४८ मध्ये. म्हणजे त्या प्रेक्षकांपैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांनी ती प्रत्यक्ष दिलेली होती. शेजारी रशियात १९१७ ची क्रांती होऊन गेली होती, आणि प्रयोगाच्या अवघ्या एक महिना अगोदर, डिसेंबर १९२० मध्ये, खुद्द त्यांच्याच देशात सार्वत्रिक संप झाला होता. अशा प्रेक्षकांसमोर, छातीवर पितळी क्रमांक लावलेले, कमरेला पट्टा आवळलेले कामकरी रंगभूमीवर उभे राहिले, त्यांनी पत्रके वाटली, आणि अखेरीस मालकांच्या घराला वेढा घातला. विज्ञानाच्या भवितव्याविषयी नाटककाराला जे काही म्हणावयाचे असेल ते असो. समोर उभा असलेला जमाव कोणाचा आहे हे सांगावयास त्या प्रेक्षकांना भाष्यकाराची गरज नव्हती.

स्वतः चापेकने या प्रतिक्रियेची चाहूल नाटकातच घेऊन ठेविली आहे. हेलेना ही तरुणी रोबॉटांना मुक्त करण्याच्या उदात्त हेतूने कारखान्याच्या बेटावर येते. व्यवस्थापक डोमिन आपली लेखनिक सुल्ला हिची ओळख करून देतो. ती रोबॉट आहे हे हेलेनाला पटत नाही. खात्रीसाठी सुल्लाची चिरफाड करून दाखविण्याची तयारी तो सहजपणे दर्शवितो. थोड्याच वेळात कारखान्याचे अधिकारी आत येतात, आणि हेलेना त्यांनाच रोबॉट समजून बंधुभावाने उपदेश करू लागते. प्रेक्षागृहात हशा पिकावा असाच हा प्रवेश आहे. चापेकने या भागाला प्रास्ताविक सुखात्मिका म्हटले आहे व पुढच्या तीन अंकांपासून तो वेगळा काढला आहे. परंतु हसता हसता प्रेक्षकाच्या हाती काय पडते ? नोकराला माणूस समजणे ही एक चूक आणि साहेबाला रोबॉट समजणे ही दुसरी. आणि या दोन्ही चुका करणारी व्यक्ती नाटकात सर्वांत सहृदय आहे. हास्यातून भयाकडे आणि भयातून करुणेकडे जाणारा या नाटकाचा सारा प्रवास या एका प्रवेशात बीजरूपाने आहे. माझ्या मते पुढे या विषयावर जे काही लिहिले गेले, त्यात इतका नेमका प्रवेश क्वचितच सापडेल.

नाटक देशाबाहेर गेले आणि गुंता वाढला. न्यूयॉर्क येथे थिएटर गिल्डने ते ऑक्टोबर १९२२ मध्ये रंगभूमीवर आणले. लंडनचा प्रयोग एप्रिल १९२३ चा. लंडनमध्ये त्यावर इतकी चर्चा झाली की जून १९२३ मध्ये सेंट मार्टिन्स नाट्यगृहातच एक जाहीर परिसंवाद भरविण्यात आला. शॉ आणि चेस्टर्टन यांच्यासारखे वक्ते तेथे बोलले, आणि शॉ यांनी आपल्या स्वभावानुसार सारा रोख समोर बसलेल्या श्रोत्यांवरच वळविला. चापेकने यावर एका इंग्रजी साप्ताहिकात उत्तर दिले. त्याचा आशय असा, की लोक रोबॉटांविषयीच बोलत राहिले, त्याला स्वतःला मात्र माणसांत अधिक रस होता; नाटकातील संघर्ष सत्य व असत्य यांचा नसून एका सत्याचा दुसऱ्या सत्याशी आहे; डोमिन, हेलेना, वृद्ध अल्क्विस्ट यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. ही तक्रार प्रामाणिक आहे. नाटककाराच्या दृष्टीने ती योग्यही आहे. परंतु प्रेक्षकांचे काही चुकले होते असे मला वाटत नाही. ज्या पात्राला बोलण्याचा अधिकारच नाही ते तोंड उघडते तेव्हा इतर सर्व पात्रांची सत्ये मागे पडतात. राडियस हा रोबॉट, आपल्याला धनी नको, आपणच धनी होणार, असे म्हणतो, त्या क्षणी नाटक लेखकाच्या हातून निसटते.

यानंतरचे वळण अधिक विलक्षण आहे. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या एका अभियांत्रिकी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ड्यूक ऑफ यॉर्क येऊ शकत नव्हते, म्हणून त्यांच्या जागी 'एरिक' नावाचा एक धातूचा पुतळा उभा करण्यात आला. तो उठून उभा राही, वाकून अभिवादन करी आणि चार शब्द बोले. त्याच्या छातीवर अक्षरे कोरलेली होती : आर. यू. आर. रक्तमांसाच्या वेठ्याचे लोखंडी बाहुल्यात झालेले हे रूपांतर लोकांना फार आवडले, आणि ते का आवडले हे कळणे कठीण नाही. कापडी सदऱ्यातला कामकरी पाहून जी अस्वस्थता वाटत होती ती चिलखतातील बाहुला पाहून वाटेनाशी झाली. यंत्र बंड करील ही भीती करमणुकीची आहे, कारण तीत आपला अपराध नसतो. चापेक यावर चिडला. १९३५ मध्ये वृत्तपत्रात एक लेख लिहून त्याने आपल्या रोबॉटांचा कैवार घेतला आणि चाकांच्या व तारांच्या या पत्र्याच्या संततीचे पितृत्व साफ नाकारले. त्याचा काही उपयोग झाला नाही. आपला 'यंत्रमानव' हा शब्द त्या पत्र्याच्या संततीचाच वारसा सांगतो.

दूरचित्रवाणीवर हे नाटक आले ते ११ फेब्रुवारी १९३८ रोजी. बी.बी.सी.ने अलेक्झांड्रा पॅलेसमधून त्याचा सुमारे ३५ मिनिटांचा भाग प्रक्षेपित केला. वैज्ञानिक कल्पनेवर आधारलेले दूरचित्रवाणीवरील हे पहिले नाट्य समजले जाते. प्रयोग प्रत्यक्ष घडत असतानाच दाखविला गेला आणि हवेत विरून गेला. त्याचे चित्रमुद्रण नाही. पुढच्याच महिन्यात हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, सप्टेंबरात म्युनिकचा करार झाला, आणि २५ डिसेंबरला चापेक वारला. शब्द सुचविणाऱ्या योसेफला नाझींनी १९३९ मध्ये पकडले. एका छळछावणीतून दुसरीत असे करीत १९४५ मध्ये बेर्गन-बेल्झन येथे त्याचा अंत झाला. वेठीसाठी शब्द देणाऱ्याच्या वाट्याला जे आले त्यावर भाष्य करवत नाही.

दूरचित्रवाणीने या विषयाला जे दिले ते समजण्यासाठी एका प्रचलित उपपत्तीचा विचार करावयास हवा. जपानी यंत्रविद मसाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादन केले, की यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते तसतशी त्याविषयीची आपुलकी वाढते, परंतु साम्य जवळजवळ पूर्ण होण्याच्या सुमारास ती एकदम ओसरून किळस वाटू लागते. आलेखावर तेथे जणू एक दरी पडते. प्रेक्षकांच्या अस्वस्थतेचा उलगडा करताना समीक्षक हल्ली या दरीकडे बोट दाखवितात. यंत्रांच्या बाबतीत ती उपपत्ती खरी असेल. पण नाट्यात रोबॉटाचे काम जिवंत नट करीत असतो ! तेथे साम्य अपुरे पडण्याचा प्रश्नच नसतो. पुरा माणूस समोर असतो आणि त्याला माणूस समजू नका असे आपल्याला बजाविलेले असते. या मनःस्थितीचे वर्णन आपल्याला अन्यत्र शोधावयास नको. 'आर. यू. आर.' ज्या साली रंगभूमीवर आले त्याच १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडीत नाही. या नाट्यांत तर हा विकल्प दुहेरी होतो. प्रेक्षक रोबॉटाशी समरस होतो. तो रोबॉट आहे, समरस होण्याजोगा नाही, हे जाणतो. आणि तो रोबॉटही नाही, नट आहे, हेही जाणतो. चिलखत उतरले की ही गुंतागुंत परत येते. दूरचित्रवाणीने ते चिलखत उतरविले, आणि तेही प्रेक्षकाच्या स्वतःच्या घरात.

स्वीडनची 'एक्टा मेनिस्कोर', म्हणजे 'खरी माणसे', ही लार्स लुंडस्ट्रम यांची मालिका जानेवारी २०१२ पासून दाखविली गेली. तीतील 'ह्युबॉट' घरकाम करतात, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात, गोदामांत राबतात. मालिकेचे शीर्षक हे कथेत ह्युबॉटांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या चळवळीचेच नाव आहे, आणि ती चळवळ हीन माणसांची म्हणून रंगविलेली नाही. ज्यांची कामे गेली, ज्यांच्या घरात परका शिरला, अशांची ती आहे. बाहेरून येणाऱ्यांना विरोध करणारा एक पक्ष २०१० मध्येच स्वीडनच्या संसदेत प्रविष्ट झाला होता. अनेक समीक्षकांनी ह्युबॉटांत निर्वासित पाहिला तो उगाच नव्हे.

हीच मालिका इंग्लंडमध्ये 'ह्यूमन्स' या नावाने जून २०१५ मध्ये आली तेव्हा प्रेक्षकांची परीक्षा प्रक्षेपणाच्या अगोदरच घेण्यात आली. 'पर्सोना सिंथेटिक्स' या काल्पनिक कंपनीची जाहिरात मालिकेचे नाव न घेता दाखविली गेली, आणि लंडनच्या रीजेंट स्ट्रीटवर तिच्या दुकानाची दर्शनी खिडकीही सजविण्यात आली. काहींना ते खरेच वाटले. मालिकेला त्या वाहिनीच्या स्वतःच्या नाट्यनिर्मितीत १९९२ नंतरचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. तो कशाने हलला ? धाकटी मुलगी झोपताना गोष्ट ऐकण्यासाठी आईऐवजी अनिता या यंत्रसेविकेला पसंत करते, कारण ती वाचताना घाई करीत नाही. त्या आईच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यात यंत्राविषयी यत्किंचितही कुतूहल नाही. आपल्या घरात दाई ठेवणाऱ्या कोणत्याही बाईला ते ओळखता येईल. आणि ओडी. वृद्ध शास्त्रज्ञ मिलिकन याचा हा जुनाट, बिघडलेला सेवक. त्याला मोडीत काढण्याचा हुकूम असूनही म्हातारा त्याला लपवून ठेवतो, कारण दिवंगत पत्नीच्या आठवणी म्हाताऱ्याच्या मनातून पुसल्या जात असून ओडीत तेवढ्या उरल्या आहेत. गंमत अशी, की मालिकेतील काही रोबॉटांना जाणीव आहे. ओडीला, निदान त्या पहिल्या पर्वात, ती मुळीच नाही. तरीही करुणरसाचा आलंबनविभाव तोच होतो. जाणिवेविषयीचे तात्त्विक प्रश्न मालिका मोठ्या हिरिरीने मांडते, पण प्रेक्षकाचे डोळे पाणावतात ते जन्मभर सेवा करून निरुपयोगी झालेल्याला बाहेर काढताना पाहून.

प्रागमध्ये कामकरी, स्टॉकहोममध्ये निर्वासित, लंडनमध्ये दाई. आपल्याकडे काय झाले ? २००३ मध्ये हिंदीत 'करिश्मा का करिश्मा' आली. अमेरिकन 'स्मॉल वंडर'चे ते रूपांतर, आणि तेथे रोबॉट घरची मुलगी होती. २०१६ मध्ये 'बहू हमारी रजनी कांत' आली. ती विनोदी मालिका आहे, आणि विद्वानांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, याचे मला नवल वाटत नाही. तिच्यातील बराचसा विनोद खरोखरच ढोबळ आहे. परंतु तिची कल्पना चापेकला आवडली असती. एक संशोधक तरुण स्वतः बनविलेली स्त्रीरूप रोबॉट घरी आणतो, घरची मंडळी तिला सून समजतात, आणि ती यंत्र आहे हे आरंभी कोणाच्या लक्षातही येत नाही. सुल्लाला पाहून हेलेना फसली, कारण सुल्ला माणसासारखी होती. या घरातील सासू फसते ती वेगळ्या कारणाने : न थकता राबणे, सांगितलेले शब्दशः करणे, उलट उत्तर न देणे, यांत तिला खटकण्यासारखे काही दिसतच नाही. रजनी बिघडते, काहीतरी भलतेच बोलते, तेव्हा कोठे घरात भुवया उंचावतात. त्या वेळी दिवाणखान्यांत मोठ्याने हसणाऱ्यांमध्ये सासवा होत्या, तशाच सुनाही होत्या. दोघी एकाच गोष्टीला हसत होत्या असे मात्र मला वाटत नाही.