अंगणाचा आखाडा कसा झाला

खेळांचा इतिहास हा इतिहास म्हणून आपल्याकडे फारसा कोणी लिहीत नाही. राज्ये उलथली, तह झाले, कर बसले, ह्यांची टिपणे आपण जपून ठेवतो. परंतु फावल्या वेळी माणसे एकत्र जमून काय करीत आणि ते जमणे पुढे कशामुळे मोडले, हा प्रश्न विद्वानांस क्षुल्लक वाटतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज शेजारच्या खोलीत मुलगा किंवा मुलगी कानांवर हेडफोन चढवून दूरदेशीच्या अनोळखी गड्यांबरोबर बंदुकीचा ऑनलाइन खेळ खेळत असते. वडील मंडळींस त्यात केवळ गोळीबार ऐकू येतो. ह्या खेळांत गेल्या तीस वर्षांत जे मोठे स्थित्यंतर झाले त्याचा मात्र गोळीबाराशी काही संबंध नाही. कोणी कोणाशी खेळावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, ह्याची ती कथा आहे.

ह्या खेळांच्या हौशी गड्यांकडून हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते. पूर्वी अर्धा तास मन रमवावयास जात होतो, आता प्रत्येक डाव परीक्षेच्या पेपरासारखा वाटतो, असे ते म्हणतात. ह्यावर जाणत्यांचे ठरीव उत्तर असे की, तुम्हांस आपल्याहून दुबळे प्रतिस्पर्धी हवे आहेत, दुसरे काही नाही. आमच्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे. तोडीस तोड गडी समोर आला एवढ्यानेच कोणी खेळ सोडून जात नाही. ज्या जागेत तो मनुष्य सहज येत-जात होता ती जागाच काढून घेतली आणि तिच्या मोबदल्यात त्याच्या हाती एक सामना ठेवला, की तो दुरावतो.

आरंभ कसा होता ते पाहू. इ. स. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील टेक्सास राज्यातील इड सॉफ्टवेअर ह्या लहानशा कंपनीने ‘डूम’ हा खेळ काढला. एका कचेरीतील संगणक तारांनी जोडून चार जणांस त्यात परस्परांशी झुंजता येई. १९९६ साली त्याच कंपनीचा ‘क्वेक’ आला आणि झुंज कचेरीच्या भिंती ओलांडून इंटरनेटवर गेली. ह्या व्यवस्थेचा कणा म्हणजे सर्व्हर. कोणाही उत्साही मनुष्याने आपला संगणक खेळासाठी मांडून ठेवावा, त्यास नाव द्यावे, नियम लावावेत आणि दार उघडे टाकावे. ‘क्वेकस्पाय’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रामने अशा सर्व्हरांची यादी पडद्यावर मिळू लागली. कोठे किती मंडळी आहेत, कोणता नकाशा चालू आहे, तेथवर संदेश जाऊन परत यावयास किती मिलिसेकंद लागतात, हे पाहून गडी आपले ठिकाण निवडी. डाव अर्धा झाला असला तरी आत शिरे, जेवणाची हाक आली की उठून जाई. दुसरे दिवशी पुन्हा तेथेच गेला तर तीच नावे भेटत. १९९९ साली दोन हौशी तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ ह्या खेळात फेरफार करून ‘काउंटर-स्ट्राइक’ तयार केला आणि पुढील वर्षी तो व्हॉल्व्ह कंपनीने विक्रीस काढला. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंतून तासाचे पैसे मोजून हा खेळ खेळलेली विद्यार्थ्यांची एक अख्खी पिढी आम्ही पाहिली आहे. तिला सर्व्हर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

ते दिवस सोन्याचे होते असे म्हणण्याचा आमचा मुळीच आग्रह नाही. नवशिक्याची त्या ठिकाणी निर्दय कत्तल होई. सर्व्हरचा धनी लहरी असला तर त्याची मर्जी हाच कायदा. लबाडी करणारे होतेच, आणि शिवीगाळीविषयी न बोललेले बरे. तरीही अडाणी गडी तेथे टिकून राही, ह्याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. वीस जणांच्या घोळक्यात दोघे कसबी असले तरी उरलेले अठरा आपापसांत बरोबरीनेच खेळत असत. कसबी मनुष्य कसा हलतो, कोठे दबा धरतो, हे इतरांस पाहावयास मिळे. हरणे हे त्या जागेच्या हवेतच मिसळलेले असल्यामुळे ते कोणाच्या नावावर जमा होत नसे.

नावावर जमा करण्याची विद्या आली ती बुद्धिबळातून. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेतील मिलवॉकी शहरी पदार्थविज्ञानाचे अध्यापक असलेले अर्पाद एलो ह्यांनी खेळाडूंचे बळ अंकांत मांडण्याची एक पद्धत बसविली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघाने ती १९६० साली व जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. दोन खेळाडूंच्या अंकांत दोनशेंचे अंतर असेल तर वरचढाने चार गुणांपैकी सुमारे तीन मिळवावेत, अशा प्रकारचे भाकीत तीत करता येते, आणि निकाल पाहून अंक पुन्हा सुधारता येतात. पद्धत सुबक आहे. मात्र ती कोणासाठी रचली होती हे विसरू नये. स्पर्धेस नाव नोंदवून, घड्याळासमोर बसून, आपला क्रम जाणून घेण्याची ज्यास इच्छा आहे अशा मनुष्यासाठी ते गणित होते.

बंदुकीच्या खेळांत ह्या गणिताचा प्रवेश गाजला तो २००४ च्या नोव्हेंबरात निघालेल्या ‘हेलो २’ मुळे. बंजी कंपनीने त्यात सर्व्हरांची यादी गड्यासमोर ठेवलीच नाही. प्रकार निवडून बटण दाबावे, मग प्रतिस्पर्धी शोधून आणण्याचे काम यंत्राने करावे. कुस्तीच्या फडात पंच जोड लावतात तसा हा प्रकार. इंग्रजीत त्यास मॅचमेकिंग म्हणतात आणि आपल्याकडील मुलेही तोच शब्द वापरतात. क्रमवारीच्या डावांत प्रत्येकास एक ते पन्नास असा दर्जा मिळे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्या खेळाच्या ऑनलाइन विभागाचे प्रमुख रचनाकार मॅक्स होबरमन ह्यांनी पुष्कळ वर्षांनी असे सांगितले की, आपण जोड्या अगदी काटेकोर लावल्याच नव्हत्या. काही डाव सोपे जावेत, काही बरोबरीचे व्हावेत, काही अवघड पडावेत, अशी ढिलाई हेतुपुरस्सर ठेवली होती, आणि दर्जाविना चालणाऱ्या डावांत ती आणखी जास्त होती. २००७ च्या ‘हेलो ३’ मध्ये तर दर्जाचे डाव आणि स्नेहाचे डाव अशी दोन दारे वेगळी करण्यात आली. म्हणजे नव्या विद्येच्या पहिल्या उपासकांस तिची मर्यादा ठाऊक होती.

त्यानंतर गणित अधिक सूक्ष्म झाले. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी ‘ट्रूस्किल’ ही पद्धत तयार केली. एलोंची पद्धत दोघांपुरती होती, ही संघांसही लागू पडते, आणि गड्याच्या बळाच्या अंकाबरोबरच त्या अंकाविषयी यंत्रास किती शंका आहे हेही मोजते. ह्या पद्धतीत चांगला सामना कोणता? ज्याचा निकाल बरोबरीत सुटण्याचा संभव अधिक, तो. गणितज्ञाच्या दृष्टीने ही व्याख्या निर्दोष आहे. परंतु दिवसभर कचेरीत खपून रात्री खेळावयास बसलेल्या मनुष्याने आपल्या करमणुकीची अशी व्याख्या कधी केली होती काय? त्याच्या बळाचा अंक वाढला की प्रतिस्पर्ध्यांचाही वाढतो. तो शिकला तरी निम्मे डाव हरतोच, आणि सुधारणेचे फळ त्याच्या हाती पडत नाही. प्रत्येक डाव शेवटच्या क्षणापर्यंत ताणलेला असणे हे प्रेक्षकास रोचक असेल. रोज रात्री ते सोसणे हे निराळे.

२००९ साली ‘मॉडर्न वॉरफेअर २’ च्या संगणकावरील आवृत्तीतून खासगी सर्व्हर वगळल्याचे जाहीर झाले तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. खेळ तरीही विपुल खपला. कंपन्यांनी त्यातून जो धडा घ्यावयाचा तो घेतला.

ह्या सर्व कथेचा खरा कळस आम्हांस ‘टीम फोर्ट्रेस २’ च्या बाबतीत दिसतो. व्हॉल्व्ह कंपनीचा हा खेळ २००७ च्या ऑक्टोबरात निघाला आणि २०११ च्या जूनपासून फुकट झाला. नऊ तऱ्हेची पात्रे, प्रत्येक बाजूस बारा गडी, आणि सर्वांवर एक प्रकारची विनोदी कळा. ह्यातील ‘हेवी’ नामक धिप्पाड पात्राजवळ सँडविच असते. ते जमिनीवर टाकून दुसऱ्यास देता येते. कित्येक गडी हे पात्र घेऊन लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत शत्रूंस सँडविच वाटीत हिंडत, आणि शत्रूही पुष्कळदा त्यांस जीवदान देत. बाकीचे काही कोपऱ्यात नाचत उभे राहत. लढणारे लढत, वाटणारे वाटीत, आणि डाव चालू राही. अशा गर्दीत शिरण्यासाठी ‘क्विकप्ले’ नावाचे एक बटण होते. ते दाबले की कोठल्या तरी चालू डावात जागा मिळे.

२०१६ च्या जुलैच्या ७ तारखेस कंपनीने हे बटण काढून टाकले. त्याच्या जागी दोन दालने आली. एक स्पर्धेचे: सहाविरुद्ध सहा, दर्जासह. दुसरे ‘कॅज्युअल’ म्हणजे सहज खेळण्याचे. परंतु नाव सहज असले तरी घडण स्पर्धेचीच. रांगेत उभे राहावे, सामना जुळेपर्यंत थांबावे, बाजू बदलता येणार नाही, हव्या त्या सरकारी (म्हणजे कंपनीच्या) सर्व्हरवर थेट जाता येणार नाही, आरंभी तर नकाशाही निवडता येणार नाही. खेळाबद्दल पायऱ्या आणि बिल्ले. सामना अर्ध्यावर टाकून उठल्यास काही काळ बंदी. सामना संपला की सर्वांची पांगापांग, आणि पुन्हा रांग. आईने हाक मारली म्हणून उठणाऱ्या मुलास शिक्षा करणारे क्रीडांगण आम्ही तरी पूर्वी ऐकले नव्हते.

ओरड फार झाली. कंपनीने थोड्याच दिवसांत सहज दालनातील शिक्षा मागे घेतली, नकाशा निवडण्याची सोय दिली, पुढे डावाअखेर एकत्र राहून पुढचा नकाशा मतांनी ठरविण्याचीही तरतूद केली. परंतु जुने बटण परत आले नाही. गंमत अशी की, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते स्पर्धेचे शौकीनही तृप्त झाले नाहीत. त्यांनी कंपनीच्या साहाय्यावाचून कित्येक वर्षे स्वतःचे संघ आणि साखळी सामने चालविले होते. कोणते पात्र एका बाजूस किती असावे, कोणती शस्त्रे वर्ज्य, ह्यांचे नियम बारीक विचाराने ठरविलेले होते. कंपनीच्या दालनात ते नियम नव्हते. त्यामुळे खरे स्पर्धक आपल्या जुन्या साखळीतच राहिले, आणि स्पर्धेच्या दालनात म्हणावी तशी गर्दी कधी झालीच नाही.

ह्या घाईचे कारण काय असावे? त्याच वर्षाच्या मे महिन्यात ‘ओव्हरवॉच’ हा प्रतिस्पर्धी खेळ बाजारात आला होता आणि जूनअखेर त्यात स्पर्धेचे दालन उघडले होते. सामने प्रेक्षकांस दाखवून द्रव्य मिळविण्याचा ई-स्पोर्ट्सचा धंदा तेव्हा भरात होता. स्पर्धा भरविणे ह्यात वावगे काही नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले, तेव्हा गल्लीतील पोरांचा खो-खो काही बंद पडला नाही. त्यांना मोजलेली पाटी, पंच, शिटी ह्यांपैकी काहीच नको होते, आणि जिमखान्याचा हुकूम त्यांच्या गल्लीत चालत नव्हता. ऑनलाइन खेळात गल्ली आणि जिमखाना ह्यांचा मालक एकच आहे. त्याने नियम बदलला की अंगणही त्याच क्षणी बदलते, आणि पोरांस जावयास दुसरी गल्ली उरत नाही.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही न्यायाने मांडले पाहिजे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ ची मालक ॲक्टिव्हिजन कंपनी हिने २०२४ साली आपल्या जोड्या लावण्याच्या पद्धतीविषयी निबंध प्रसिद्ध केले. बळाचा विचार सैल करून पाहिला असता सामने अधिक एकतर्फी झाले, दुबळे गडी अर्ध्यावर उठून जाऊ लागले, आणि बहुतेक वर्गांतील लोकांचे पुन्हा येणे घटले. लाभ झाला तो शिखरावरील थोड्यांचा, असा त्यांचा निष्कर्ष. हा कंपनीचा स्वतःचा हिशोब असला तरी आम्हांस तो खोटा वाटत नाही. अगदी अडाण्यास संरक्षण हवेच. परंतु तो प्रयोग झाला कोणत्या घरात? २०१९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’ पासून त्या मालिकेत डाव संपताच मंडळी पांगविली जात होती. बारा अनोळखी माणसे दहा मिनिटांसाठी गोळा करावयाची आणि पुन्हा विखरावयाची, अशा ठिकाणी निकालावाचून दुसरे आहे काय? ज्या जागेत ओळख नाही, गप्पा नाहीत, उद्या पुन्हा भेटण्याची आशा नाही, तेथे हरणाऱ्याने उठून जावे हेच स्वाभाविक. बळाचे मोजमाप सैल केल्याने ती जागा परत येत नाही.

हे त्या मालिकेच्या चालकांसही काहीसे उमगले असावे. २०२५ साली निघालेल्या ‘ब्लॅक ऑप्स ७’ साठी त्यांनी दोन गोष्टी बरोबरच जाहीर केल्या: सर्वसाधारण डावांत बळाचा विचार अगदी थोडा होईल, आणि डाव संपल्यावर मंडळी एकत्र राहतील. दोहोंपैकी पहिलीची चर्चा फार झाली. आम्हांस दुसरी अधिक महत्त्वाची वाटते.

‘टीम फोर्ट्रेस २’ मध्ये सर्व्हरांची जुनी यादी अद्याप आहे. मुख्य बटणापासून ती थोडी बाजूला पडली आहे, आणि नवागताचे लक्ष तिकडे सहसा जात नाही. पण ती उघडली तर निरनिराळ्या देशांतील हौशी लोकांनी स्वखर्चाने चालविलेली ठिकाणे अजून दिसतात. नाव, नकाशा, आत किती जण आहेत, आणि संदेश पोचावयास किती वेळ लागेल.