ठाणे खाडीचे हिमयुगीन कूळ

ठाण्याच्या खाडीने बर्फ कधीच पाहिला नाही, तरी तिच्या जन्माच्या कारणांत दूरदेशीच्या बर्फाचा वाटा फार मोठा आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर हिमनद्यांनी, म्हणजे उतारावरून सावकाश सरकणाऱ्या बर्फाच्या जाड थरांनी, दऱ्या कोरल्या आणि पुढे त्यांत समुद्र शिरून फियॉर्ड बनले. तेथे बर्फाने वाहून आणलेल्या दगडमातीच्या राशी, ज्यांना हिमोढ म्हणतात, आजही सागरतळावर असून त्यांच्या कपारींत मासे आणि शेवंडी आसरा घेतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी असे कोरीवकाम झाले नाही. येथे हिमयुगाने काम केले ते समुद्राच्या पातळीमार्फत.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी पृथ्वीवरील इतके पाणी बर्फाच्या रूपाने अडकून पडले होते, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटरने खाली गेली होती आणि मुंबईसमोरचा रुंद, उथळ सागरमंच बव्हंशी कोरडी जमीन होता. याचा पुरावा समुद्रातच सापडतो. मुंबईच्या पश्चिमेस 60 ते 90 मीटर खोलीवर चुनखडीचे एक विस्तीर्ण पठार असून त्यावर चुन्याचे बारीक गोल कण आढळतात. असे कण केवळ उथळ, सतत हेलकावणाऱ्या पाण्यात घडत असल्यामुळे आज इतक्या खोलवर असलेला हा तळ एके काळी किनाऱ्यालगत होता, हे उघड होते. त्या काळी काळू आणि भातसा या उपनद्यांचे पाणी घेऊन येणाऱ्या उल्हास नदीला समुद्र गाठण्यासाठी आजच्याहून फार लांब जावे लागे आणि समुद्र खाली गेल्यामुळे नदीचे पात्र खोल कापले जाण्यास वाव मिळे. बर्फ वितळला, तसा समुद्र पुढे सरकला. सुमारे 7,000 वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीजवळ आला आणि जुन्या दऱ्या पाण्याखाली गेल्या. भूशास्त्रात अशा खोऱ्यांना बुडीत खोरी म्हणतात.

तरीही सगळे श्रेय बर्फाला देणे बरोबर नाही. 1870च्या दशकात मुंबईच्या प्रिन्सेस गोदीसाठी खोदकाम चालू असताना ओहोटीच्या पातळीखाली खैराच्या झाडांचे बुंधे उभेच्या उभे सापडले आणि त्यावरून येथील भूमीही काही ठिकाणी खचली असावी, असा निष्कर्ष निघाला. खाडीचा आकार घडवण्यात खडकांतील भेगांचाही हात असावा.

समुद्र स्थिरावल्यावर मात्र खरी जडणघडण सुरू झाली. भरतीबरोबर आत येणारा आणि पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ संथ पाण्यात बसत गेला, चिखलाचे सपाट पट्टे वर आले, त्यांवर तिवरे रुजली, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या वसल्या. कल्याणपर्यंत चढणाऱ्या भरतीनेच तेथील बंदर शक्य केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आणि कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचे नाव येते. याच चिखलातील सूक्ष्म शैवालावर आज रोहित पक्ष्यांचे थवे पोसले जातात.

ठाणे खाडीत 2015 साली रोहित अभयारण्य घोषित झाले आणि 2022 साली तिला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कल्याण-डोंबिवलीलगतची उल्हास खाडी याच कुळातली आहे, तिचा चिखल आणि तिची तिवरे त्याच समुद्राने घडवली आहेत. म्हणून तिच्या काठावर भराव टाकण्यापूर्वी तिलाही तितक्याच जपणुकीचा हक्क आहे, हे दोन्ही शहरांनी मान्य करावे.