ॲक्युपंक्चर-व्यवसायाचे नियमन (भारत)

शरीरावरील नियत बिंदूंत सूक्ष्म सुया टोचून व्याधिशमन करण्याची ही मूळची चिनी विद्या भारतात रुजवण्याचे श्रेय डॉ. बिजयकुमार बसू यांना दिले जाते, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले, त्याच पथकातील हे बंगाली डॉक्टर पुढे पुन्हा चीनला जाऊन ती शिकून आले. तेव्हा तिला कायद्याची सनद पश्चिम बंगालने १९९६ मध्येच दिली, यात नवल नाही. केंद्र शासनाने मात्र नोव्हेंबर २००३ च्या आदेशान्वये तिला स्वतंत्र चिकित्सापद्धती न मानता उपचाराची केवळ एक रीत मानले, आणि नोंदणीकृत वैद्यकांस अथवा योग्य प्रशिक्षितांस तिची मुभा दिली. परंतु 'योग्य प्रशिक्षित' कोणास म्हणावे, हे ठरवणारे दफ्तरच जेथे नाही, तेथे अशा मुभेचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावा, हे ओघानेच आले. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने परिषद, व्यवसायींची नोंदवही आणि शिक्षणसंस्थांची मान्यता यांची तरतूद केली. केंद्राने स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. नोंदणीचा अधिकार तथापि राज्यांकडेच राहिला.