जुळ्यांचे वय आणि वळणाचा हिशेब

जुळ्या भावांची गोष्ट मराठी वाचकाला आता नवी राहिलेली नाही. एक भाऊ घरी राहतो, दुसरा प्रकाशाच्या जवळपास वेगाने एखाद्या ताऱ्यापर्यंत जाऊन येतो आणि परतल्यावर वयाने लहान निघतो. आपल्याकडे ही गोष्ट निघाली की कोणीतरी भागवतातल्या ककुद्मी राजाची आठवण काढतोच. मुलगी रेवती हिला योग्य वर कोण, हे विचारायला तो ब्रह्मलोकी गेला, थोडा वेळ थांबला आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली! कथा सुरेख आहे. पण तिथे ब्रह्मलोकाचा काळच निराळा मानलेला आहे. वेगाशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे जुळ्यांच्या गोष्टीतली खरी अडचण त्या कथेत उद्भवतच नाही.

अडचण अशी. वेग जर सापेक्ष असेल, तर रॉकेटमधला भाऊही म्हणू शकतो की मी जागेवरच होतो, पृथ्वी दूर गेली आणि परत आली. मग लहान कोण? रत्नागिरीत पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी यायचा. क्रमिक पुस्तकांतले उत्तर एका ओळीचे असे: रॉकेटमधल्या भावाला वळताना त्वरण सोसावे लागते, म्हणून तो लहान राहतो. या ‘म्हणून’मध्ये दोन निरनिराळी विधाने मिसळली आहेत. त्वरणामुळे दोघांपैकी प्रवासी कोण ते ओळखता येते, हे खरे. त्वरणामुळे वय वाढायचे थांबते, हे खरे नाही. हा भेद नीट स्पष्ट व्हायला जवळजवळ अर्धे शतक गेले, आणि त्या इतिहासात आपल्या मुंबईच्या एका शास्त्रज्ञाचाही छोटा पण मोलाचा वाटा आहे.

१९०५ च्या लेखात आइन्स्टाइनने जुळे आणले नव्हते. दोन घड्याळे होती. त्यातले एक फिरून मूळ जागी आले तर ते मागे पडलेले दिसेल, एवढेच त्याने लिहिले. घड्याळाच्या जागी माणूस बसवला तो फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ याने, एप्रिल १९११ मध्ये, बोलोन्याच्या तत्त्वज्ञान परिषदेत. त्याचा प्रवासी प्रकाशापेक्षा जेमतेम वीस हजारांश कमी वेगाने जातो. त्याची दोन वर्षे होतात तेव्हा पृथ्वीवर दोनशे. त्वरणाकडे बोट त्यानेच दाखवले. मॅक्स फोन लाऊए याने लवकरच त्याला एक पुरवणी जोडली: सरळ प्रवास हवा तितका लांबवता येतो आणि त्यापुढे वळण्याचा काळ नगण्य ठरतो. १९१८ मध्ये मात्र खुद्द आइन्स्टाइनने एक संवाद लिहून वळणाच्या काळाचा हिशेब गुरुत्वक्षेत्राच्या भाषेत मांडला. मांडणी चुकीची नव्हती, पण माझ्या मते तिने पुढच्यांचा गोंधळ वाढवला. सामान्य सापेक्षता शिकल्याशिवाय हे कोडे सुटतच नाही, असे कित्येकांनी धरून घेतले.

लाऊएचा मुद्दा आकड्यांत पाहू. तारा चार प्रकाशवर्षे दूर आणि वेग प्रकाशाच्या ८० टक्के. जाऊन येईपर्यंत घरी १० वर्षे होतात, प्रवाशाची ६. फरक ४ वर्षांचा. आता तारा आठ प्रकाशवर्षांवर घ्या. वळण तेच, तेवढ्याच जोराचे आणि तेवढ्याच वेळाचे. घरी २० वर्षे, प्रवाशाची १२, फरक ८. वळण न बदलता फरक दुप्पट झाला. तो वळणाच्या धक्क्यातून आला असता तर तेवढाच राहिला असता.

इथे मी मुलांना आपल्याकडचे रस्ते सांगत असे. तुम्ही रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला गेलात. तुमचा भाऊ उत्तरेला चिपळूणला गेला, तिथून कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे कोल्हापूरला आला. त्याच्या गाडीत किलोमीटर कितीतरी जास्त पडणार. तो चिपळूणला वळला हे खरे, पण जादा किलोमीटर काही चिपळूणच्या नाक्यावर पडलेले नसतात. ते अख्ख्या वाटेचे असतात; वळणामुळे फक्त वाट वाकडी झाली. अवकाश-काळातही असेच आहे, फक्त हिशेब उलटा: वाकड्या वाटेने गेलेल्या घड्याळात काळ कमी भरतो.

आता मुंबईकराकडे येऊ. जानेवारी १९३८ मध्ये केंब्रिजमध्ये असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या होमी भाभांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण छापले. युकावाने सुचवलेला जड कण आपोआप फुटत असेल, तर तो कण म्हणजे एक घड्याळच. तेव्हा वेगात असताना त्याचे आयुष्य वाढले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. विश्वकिरणांत सापडलेले कण पुढे युकावाचे नव्हेत असे ठरले, त्यांना म्यूऑन हे नाव पडले. पण भाभांचा तर्क त्यांना तसाच लागू पडला. १९४१ मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांनी दोन निरनिराळ्या उंचींवर कण मोजून तो पडताळला. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशही साडेसहाशे मीटरच जातो. तरी पंधरा-एक किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन मांडवीच्या वाळूपर्यंत पोचतात. तिथे आडवा धरलेल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक तरी जातो.

पण हा म्यूऑन एकदाच खाली येतो, घरी परतत नाही. त्यामुळे जुळ्यांचा वाद शिल्लक राहिला, आणि तो पेटलाही ‘नेचर’मध्येच. १९५६ पासून हर्बर्ट डिंगल यांनी आग्रह धरला की दोघे भाऊ सारखेच, वयात फरक पडूच शकत नाही. डिंगल कोणी हौशी नव्हते. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते माजी अध्यक्ष, आणि सापेक्षतेवर त्यांनी पूर्वी पुस्तकही लिहिलेले. विल्यम मॅक्रे त्यांना उत्तरे देत राहिले.

त्या वादात लॉर्ड हॉल्सबरी यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन घड्याळांची युक्ती पुढे आली, आणि मला ती सर्वांत चोख वाटते. दुसरे घड्याळ पहिल्याजवळून न थांबता जाताना शून्यावर लावायचे. ते ताऱ्यापाशी पोचते तेव्हा ३ वर्षे दाखवते. तिथे समोरून येणारे तिसरे घड्याळ त्याला ओलांडताना ३ हा आकडा उचलते आणि सरळ घराकडे येते. घरी पोचताना त्यात ६, घरच्या घड्याळात १०. त्वरण कोणालाच नाही, फरक मात्र तोच. डिंगल यांचे समाधान झाले नाही. पुढे तर सबंध सिद्धांतच चूक, असे ते म्हणू लागले.

जुलै १९७७ मध्ये ‘नेचर’मध्येच जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेचा निकाल छापून आला. भाभांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. डिंगल हयात होते. चौदा मीटर व्यासाच्या कड्यात म्यूऑन गोल फिरवले होते, म्हणजे प्रत्येक कण पुन्हा पुन्हा त्याच जागी परतत होता. स्थिर म्यूऑन सरासरी आयुष्यात प्रकाशाच्या वेगानेही पंधरा फेऱ्याच मारू शकता. हे चारशेवर मारत होते. आयुष्य ६४ मायक्रोसेकंदांच्या वर गेले होते, सुमारे २९ पट. आणि कड्यात क्षणोक्षणी वळताना त्यांना जे त्वरण सोसावे लागत होते, ते पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे एकावर अठरा शून्ये इतके पट होते. वेगावरून काढलेले आयुष्य मोजलेल्या आयुष्याशी हजारात एक-दोन भागांपर्यंत जुळले. त्या प्रचंड त्वरणासाठी हिशेबात वेगळे काहीही मिळवावे लागले नाही.