खांब, सुई आणि पागोटे

दिवाणी वकिलाच्या नशिबी कुंपणाचे दावे चुकत नाहीत. खून-दरोडे वृत्तपत्रांच्या वाट्याला जातात. आमच्या वाट्याला येतात ते हद्दीचे खुंट, सामाईक भिंती आणि कुंपणे. काही वर्षांपूर्वी हैदराबादेतील एका जुन्या मोहल्ल्यातला असाच एक दावा आमच्याकडे होता. दोन घरांमधले सागवानी कुंपण शेजाऱ्याने एका रात्रीत दीड हात आत सरकवले, अशी आमच्या अशिलाची तक्रार. प्रतिवादीचे म्हणणे असे की, कुंपण जेथे होते तेथेच आहे. सरकली आहे ती वादीची नजर.

प्रतिवादीने साक्षीस आणला तो ज्याने हे कुंपण उभारले तो वृद्ध सुतार. तो दखनीत बोलला. त्याच्या जबानीचा आशय असा : पहिला खांब ओळंब्यात रोवावा, माती ठोकून घट्ट करावा. मग आडव्या लाकडांची कुसे त्या खांबाच्या खाचांत बसवावी, त्यांची दुसरी टोके दुसऱ्या खांबाच्या खाचांत घालावी आणि मगच तो दुसरा खांब रोवावा. याप्रमाणे एकेक खांब पुढे जायचे. फळ्या सर्वांत शेवटी. आम्ही उलटतपासणीत मोठ्या ऐटीने विचारले, “सगळे खांब आधी रोवून आडवी लाकडे मागाहून घातली तर?” म्हातारा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला व म्हणाला, “वकीलसाहेब, घालणार कुठून?” न्यायमूर्तींसह सारे न्यायालय हसले. मुद्दा असा की, असे कुंपण सरकवायचे तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे उसकटावे लागते, आणि ते एका रात्रीचे काम नव्हे.

पुढच्या रविवारी आम्ही पब्लिक गार्डन्समधील वस्तुसंग्रहालयात गेलो, ते खरे तर या अपमानाचा विसर पडावा म्हणून. परंतु तेथील बौद्ध दालनात कृष्णाकाठच्या चुनखडी शिल्पखंडांसमोर उभे राहिलो आणि तो सुतार पुन्हा आठवला. दगडात कोरलेले स्तूप, आणि प्रत्येक स्तूपाभोवती कुंपण! उभे खांब, त्यांत घुसवलेली आडवी लाकडे, वर लांबलचक शिरपट्टी. लाकडे म्हटले खरे. आहे तो सगळा दगड.

या कुंपणाला संस्कृतात वेदिका म्हणतात. तिच्या अवयवांची नावे मोठी मौजेची आहेत. उभा तो स्तंभ. प्राकृतात ‘थभ’, आणि आमचा ‘खांब’ही त्याच कुळातला. दोन स्तंभांना जोडणारी आडवी ती ‘सूची’, म्हणजे सुई. स्तंभांच्या डोक्यांवरून फिरणारी शिरपट्टी ती ‘उष्णीष’, म्हणजे पागोटे. ही नावे जुनी आहेत. दीघनिकायातील महासुदस्सनसुत्तात सोन्याचे स्तंभ असलेल्या वेदिकेच्या सूची आणि उष्णीष रुप्याचे सांगितले आहेत. सुई हे नाव देणारा कोणी शिंपी नव्हता, सुतारच असला पाहिजे. कारण खांबाला आरपार भोक पाडून त्यातून लाकूड ओवणे हे ज्याने केले आहे, त्यालाच ही उपमा सुचेल. आमच्या कोकणात कुंपणाला वई म्हणतात, गोव्यात वंय; येथे तेलुगू बोलणारे कंचे म्हणतात; आणि लष्करी कामासाठी लाकडे रोवून केलेल्या तटाला मराठी बखरी मेढेकोट म्हणतात. नावे निरनिराळी, पण मेढ रोवल्यावाचून कोणाचेच भागले नाही.

मुळात हे सारे लाकडीच होते. मेगॅस्थिनिसने पाटलिपुत्राभोवतीचा लाकडी तट पाहिला होता. 64 दरवाजे आणि 570 बुरूज असा त्याचा हिशेब ग्रीक लेखकांनी जपून ठेवला आहे. ही ग्रीकांची अतिशयोक्ती असे कोणी म्हटले असते. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाटण्याजवळ बुलंदीबागेत खणताना जाड तुळयांच्या दोन समांतर रांगा चिखलातून खरोखरच वर आल्या. चिखलात राहिल्या म्हणून टिकल्या. उघड्यावर असत्या, तर वाळवीने आणि पावसाने त्यांचे काय केले असते हे घरापुढे कुंपण घालणाऱ्या कोणत्याही गृहस्थास विचारावे. लाकडी कुंपण एका पिढीचे असते. खालचा हातभर भाग, जेथे माती आणि वारा दोन्ही लागतात, तेथे ते प्रथम कुजते.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास स्तूपांची कुंपणे दगडाची होऊ लागली, आणि येथे एक चमत्कार झाला. दगड हाती आला तरी कारागिरांनी सुतारकी सोडली नाही. सांचीच्या मोठ्या स्तूपाभोवतीचे कुंपण पाहा. दगडाचे कुंपण करायचे तर दगडावर दगड रचून भिंत उभी करावी, हा सरळ मार्ग. तेथे तसे नाही. प्रत्येक खांबाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खाचा. त्यांत दोन्ही अंगांनी फुगीर, मसुराच्या दाण्यासारख्या छेदाच्या तीन सूची. खांबाच्या माथ्यावर कुसू, आणि ते कुसू ज्यात बसते ती खाच उष्णीषाच्या पोटात. ही पद्धत लाकडाला शोभते, दगडाला तिची गरज नाही. त्याहून बारीक खूण सर जॉन मार्शल यांनी नोंदवली आहे : उष्णीषाचे दोन दगड जेथे भेटतात तो सांधा उभा नसून तिरपा कापलेला आहे. लाकूड सांधताना सुतार तिरका काप घेतो, कारण त्याने सांधा धरून राहतो. दगडाला तो काप घेण्याचे काहीच कारण नाही. केवळ हाताला सवय होती.

आता त्या म्हाताऱ्या सुताराचा प्रश्न येथेही लागू पडतो : घालणार कुठून? सूची दोन्ही टोकांनी खांबात जाते. म्हणून सांचीचे कुंपणही एकेक खांबानेच पुढे सरकले असले पाहिजे. लाकूड थोडे वाकवून, दाबून, शेवटची पाचर मारून काही जमवता येते; दगड एक सूतही वाकत नाही. मग वर्तुळ शेवटी मिटवायचे कसे? सांचीच्या रचनेत याचे उत्तर आपोआप मिळते. चार दिशांना चार प्रवेश आहेत आणि प्रत्येक प्रवेशापाशी कुंपण काटकोनात वळून पुढे येते, जेणेकरून येणाऱ्याला सरळ आत न जाता वळून जावे लागते. कुंपण असे चार तुकड्यांत विभागलेले असल्यामुळे प्रत्येक तुकड्याला मोकळे टोक राहते. प्रवेश असे वाकडे ठेवण्याची कारणे धर्माची असतील, संरक्षणाची असतील. आम्ही त्यात पडत नाही. आमच्या मते एक कारण गवंड्याच्या सोयीचेही आहे, आणि पंडितांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

सांचीच्या या कुंपणावर नक्षी नाही. आहेत ती नावे. येथे आमच्यातला वकील जागा होतो. खांबांवर, सूचींवर, उष्णीषांवर ब्राह्मी अक्षरांत शेकडो लहान लहान लेख आहेत : अमक्या गावच्या अमक्याचे दान. त्यांत श्रेष्ठी आहेत, विणकर आहेत, भिक्षू आहेत, आणि भिक्षुणी तर पुष्कळच आहेत. उज्जयिनी आणि विदिशा ही गावे पुन्हा पुन्हा येतात. भारहुतच्या कुंपणावर विदिशेच्या रेवतीमित्राची भार्या चापदेवा हिचा लेख आहे. ‘पठमो थभो दानं’, म्हणजे पहिला खांब तिचा. राजाने एका आज्ञेने उभारलेले हे कुंपण नव्हे. ज्याला खांब परवडला त्याने खांब दिला, ज्याला सूची परवडली त्याने सूची. ज्या सूचीवर एका विणकराचे नाव आहे तिला दोन्ही बाजूंनी धरणारे खांब दुसऱ्याच कोणाचे असायचे. आमच्या कायद्यात सामाईक मालकीचे प्रकार आहेत, परंतु ज्याचा प्रत्येक तुकडा वेगळ्याने दिला आणि ज्याचा एकही तुकडा देणाऱ्याकडे राहिला नाही अशा कुंपणाला कोणत्या सदरात घालावे, हे आम्हाला वीस वर्षांच्या वकिलीनंतरही सांगता येत नाही.

मराठी वाचकांस हे दूरचे वाटू नये. सांचीच्या दक्षिण तोरणावर लेख आहे तो राजा श्रीसातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद याचा. आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. त्याच पैठणचे गांधिक, म्हणजे अत्तरे विकणारे, मित्रदेव यांचे नाव कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या चैत्यगृहातील खांबावर आहे. शेजारच्या खांबावर पैठणच्याच संघकाच्या मुलांचे. तीच रीत : एक खांब, एक नाव. इकडे सह्याद्रीत वेदिका डोंगराच्या भिंतीवर चढली. बेडसे येथे ओसरीवर पाहावे. खांब, सूची, उष्णीष सारे जागच्या जागी कोरलेले, पण सगळे एकाच खडकात. घुसवायचे काही नाही, अडवायचेही काही नाही. कुंपणाची केवळ आठवण.

दानलेख म्हटला की त्याला संरक्षणाचे कलम हवेच. आमच्या मराठी सनदांत ‘आचंद्रार्क’ लिहून खाली मोडणाऱ्यास शपथ घातलेली असते. सांचीच्या तोरणावर असेच कलम आहे. काकणाव, म्हणजे सांची, येथील हे दगडी काम जो मोडील, मोडवील, किंवा दुसऱ्या आचार्यकुलात नेईल, त्याला घोर महापातकांचे फळ लागेल, असा त्याचा भाव. ‘मोडील’ याबरोबर ‘मोडवील’ घातले, म्हणजे चिथावणीही धरली. आणि ‘नेईल’ हे निराळे घातले, म्हणजे चांगल्या हेतूने हलवणाऱ्यालाही पळवाट ठेवली नाही. मसुदा करणारा कच्चा नव्हता.

भारहुतला असे कलम होते की नाही हा प्रश्न आता गौण आहे. जनरल कनिंगहॅम तेथे 1873 साली पोहोचले तेव्हा आसपासच्या गावांतील घरांत त्या कुंपणाचे दगड लागलेले होते. उरलेले त्यांनी कलकत्त्याच्या संग्रहालयात पाठवले. तेथे न नेते तर तेही गेले असते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. काही दगड अलाहाबादेत आहेत, काही सतन्याजवळ रामवनात. कृष्णाकाठी अमरावतीची कथा याहून करुण. एका जमीनदाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील दगड आपल्या इमारतींसाठी उचलले. 1845 मध्ये सर वॉल्टर एलियट यांनी उत्खनन करून पुष्कळ दगड मद्रासला नेले. त्यांतले बरेचसे पुढे समुद्रपार गेले. आज त्या कुंपणाचे काही खांब चेन्नईत उभे आहेत आणि काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. खाचा येथे, सूची तेथे.

निजामाच्या राज्याने या बाबतीत जरा लवकर डोळे उघडले असे म्हणावे लागते. 1914 साली हैदराबादेत पुराणवस्तू खाते निघाले, गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक झाले. अजिंठा, वेरूळ, पितळखोरे ही सारी लेणी तेव्हा त्याच राज्यात होती. फसली 1337 मध्ये राज्याने प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा स्वतःचा कायदाही केला. 1956 साली राज्याचे तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, लेणी तिकडे गेली, आणि त्यांच्या भित्तिचित्रांच्या नकला येथल्या संग्रहालयात राहिल्या. आमच्या पिढीतील हैदराबादी मराठी माणसाला अजिंठा प्रथम दिसला तो या नकलांतून, डोंगरातून नव्हे.

तेलंगणातही आता दगड वर येत आहेत. सूर्यापेट जिल्ह्यात फणीगिरी या टेकडीवर स्तूप आणि विहार आहेत. यझदानींच्या खात्याला त्यांचा पत्ता 1940 नंतरच्या काही वर्षांत लागला, आणि या शतकाच्या आरंभी तेथे कोरीव तोरणाचे तुकडे सापडले. 2023 साली फणीगिरीचे काही दगड न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्रदर्शनासाठी गेले होते. सांचीचे कलम तेथे लागू नाही म्हणून बरे!

जाता जाता कायद्याची एक गंमत. 1904 च्या प्राचीन वास्तू संरक्षण कायद्याने ‘प्राचीन वास्तू’ या शब्दाची व्याख्या करताना तिच्यात केवळ वास्तू धरली नाही. तिला कुंपण घालण्यासाठी लागेल तेवढी लगतची जमीनही धरली. 1958 च्या कायद्याने तीच भाषा ठेवली. म्हणजे सांचीला कुंपण हीच वास्तू, आणि त्या कुंपणाला कुंपण घालण्याची जमीन हाही वास्तूचाच भाग.

आमचा दावा शेवटी तडजोडीने निघाला. न्यायालयाच्या कमिशनरने मोजणी केली तेव्हा दीड हाताचे चार बोटे झाले, आणि चार बोटांसाठी अपिलात जाण्याइतके पैसे दोघांपैकी कोणाकडेच नव्हते. जुने खांब तळाशी कुजलेलेच होते. खांब प्रतिवादीने द्यावे, आडवी लाकडे आमच्या अशिलाने, फळ्या निम्म्यानिम्म्या, आणि मजुरी त्याच म्हाताऱ्या सुताराला दोघांनी मिळून द्यावी, असे ठरले. तडजोडपत्र आम्हीच लिहिले. कोणते लाकूड कोणाचे हे नावानिशी नोंदवले, ‘मोडील अथवा मोडवील’ हेही घातले. महापातकांऐवजी दाव्याचा खर्च लिहिला.